तेल तेच, गिऱ्हाईक वेगळं: वय आणि पगाराच्या रकान्यात माणूस का सापडत नाही

ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. कराडजवळ ताई आणि त्यांच्या नवऱ्याने लाकडी घाणा टाकलाय, शेंगदाणा आणि करडईचं तेल काढतात. मार्केटिंग शिकलेल्या एका मुलाने त्यांना टार्गेट कस्टमर काढून दिला: पुणे, वय २५ ते ४५, पदवीधर, पगार महिना पन्नास हजाराच्या वर. त्यावर वीस हजाराच्या जाहिराती केल्या आणि अकरा बाटल्या गेल्या. तर चुकलं कुठं, आणि वय, शिक्षण, उत्पन्न, वर्ग याचा खरेदीशी खरंच काही संबंध असतो का हे सगळं नुसतं पुस्तकात असतं?

संबंध असतो ताई, शंभर टक्के असतो, फक्त त्या चार रकान्यांत दिसतो तसा नसतो. मी बावीस वर्षं किराणा मालाच्या विक्रीत काढली, आधी बॅग घेऊन दुकानं फिरणारा सेल्समन, मग एरिया सांभाळणारा, बीड, सोलापूर, नंतर पुणे आणि मधे दोन वर्षं कोकण. साबण, शाम्पू, बिस्किट, चहा, तेल सगळं विकलंय आणि तितकंच अंगावरही पडलंय. माझ्या अनुभवाने पहिला प्रश्न एकच विचारायचा, या घरात पैसा येतो कसा? किती येतो ते नंतर बघू. रोज येतो, महिन्याला येतो का हंगामाला येतो, आणि आल्यावर पहिल्यांदा कुणाच्या हातात पडतो. हे कळलं की निम्मं गिऱ्हाईक कळलं.

दोन घरं घ्या, दोघांचं उत्पन्न महिना तीस हजार. एक खाजगी शाळेतला मास्तर, पगार सात तारखेला खात्यात. दुसरा रिक्षावाला, रोज हजार-बाराशे, कधी पाचशे, पावसात काहीच नाही. कागदावर दोघं एका खान्यात बसतात. मास्तरीणबाई यादी करतात, आठ तारखेला महिन्याचा किराणा भरतात, त्यात पाच लिटरचा कॅन, किलोचा साबणचुरा, मोठी पेस्ट. रिक्षावाल्याच्या घरी संध्याकाळी साडेसहाला पोरगं बाटली घेऊन दुकानात येतं, वीसचं तेल, दहाची साखर, पाचची चहापत्ती. आता सुटं खाद्यतेल विकायला कायद्याने बंदी आहे, पण कुठल्याही वस्तीत जाऊन बघा, डब्याला नळ लावलेला असतोच आणि खाली मापं लटकलेली असतात.

आमच्या ऑफिसात लोक म्हणायचे, यांना गणित कळत नाही, सुटं घेऊन किलोमागे जास्त पैसे देतात. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. मग बीडला एका बाईने मला सरळ केलं. दुकानात उभी होती, मी आपलं शहाणपणा करून म्हणलं, मावशी लिटरची पिशवी घ्या की, बारा रुपये वाचतील. तर म्हणाली, घरात लिटर असलं की हात सैल पडतो, पाव असलं की पावात भागतं, आणि लिटर आणलं की शेजारीण वाटी घेऊन येणार ती वेगळीच. म्हणजे ते बारा रुपये तिला माहीत होते, ती ते मुद्दाम देत होती, घरातला खर्च हाताबाहेर जाऊ नये याची किंमत म्हणून. तुमच्याआमच्या भाषेत लहान पुडी ही तिची बचत योजना आहे.

हे कळायच्या आधी मी व्हायचा तो घोळ करून बसलो होतो. एरियाचं सरासरी उत्पन्न बरं दिसतंय म्हणून हजेरीवर जाणाऱ्यांच्या तीन वस्त्यांत लिटर पॅकची स्कीम लावली, दुकानदारांच्या गळ्यात माल मारला. चार महिन्यांनी तारीख जवळ आलेली खोकी परत. कंपनीने उचलली नाहीत, डिस्ट्रिब्युटर माझ्या नावाने बोंबलला, तो तोटा सहा महिने माझ्या इन्सेंटिव्हमधून गेला.

शाम्पूची गंमत याच्या उलट आहे. १९८३ ला तमिळनाडूत कडलूरला सी. के. रंगनाथन यांनी चिक शाम्पू पुडीत आणला, रिकाम्या पुड्या आणून द्या आणि भरलेली फुकट न्या अशी स्कीम काढली, आणि बाटली परवडत नाही म्हणून साबणाने केस धुणारी घरं शाम्पूवर आली. बाकीच्या मोठ्या कंपन्यांनाही मग पुडीच्या मागे यावं लागलं. आज दुकानाच्या दारात पुड्यांच्या माळा लटकतात त्या याच शर्यतीतून. पण हिशेब करून बघा, बऱ्याचदा पुडीतला शाम्पू मिलीमागे बाटलीपेक्षा स्वस्त पडतो! म्हणजे इथे गरीब माणूस स्वस्तात घेतोय आणि पगारदार जास्त देतोय, तरी पगारदार बाटलीच घेतो, कारण बाथरूममध्ये फाडलेल्या पुड्या पडलेल्या बऱ्या दिसत नाहीत, पाहुणे येतात. तेलात, डाळीत, आट्यात मात्र लहान घेणाराच जास्त मोजतो. त्यामुळे गरिबाला सगळं महाग पडतं हे पण सरसकट खरं नाही, वस्तूगणिक बघावं लागतं.

आता हंगामाचा पैसा. तुमच्या कराडकडे दिवाळीच्या आसपास ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात त्या तुम्ही पाहिल्याच असतील. त्यातले बरेच बीडचे. पावसाळा सरत आला की मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल त्या जोडीची असते, पुढचे पाच-सहा महिने राबून फेडायची. ती उचल हातात पडली की बीडकडच्या गावांतल्या दुकानांत जी खरेदी होते ती बघण्यासारखी. आधी मागच्या वर्षीची उधारी चुकती, मग ताडपत्री, बॅटरी, तेल, तिखट, तंबाखू, अंगदुखीचा बाम, अंगदुखीच्या गोळ्यांची पाकिटं, पोरांना एक-एक कपडा. पंधरा दिवसांत मी तिथे दोन-अडीच महिन्यांचा धंदा करायचो. आणि नंतर गुढीपाडव्यापर्यंत गाव रिकामं, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. मतदार यादीत माणूस केज तालुक्यातला, साबण घेतो कारखान्याच्या फाट्यावर. दर महिन्याला सारखं टार्गेट देणारे साहेब मला विचारायचे जानेवारीत सेल का पडला. काय सांगणार, गिऱ्हाईक गाडीत बसून तुमच्याच दुसऱ्या एरियात गेलंय.

कोकणात तेच पण उलट्या अंगाने. वर्षभर घरात दोन म्हातारी, चहा-साखर-बिस्किटापलीकडे काही खपत नाही, आणि गणपतीत चाकरमानी उतरला की दहा दिवसांत दुकानदाराला माल पुरत नाही. पैसा मुंबईचा, वापर कोकणातला. शिमग्याला परत थोडं. तिथल्या माणसाचं वय आणि उत्पन्न विचारून काय हाताला लागणार, कमावणारा तिथे राहतच नाही.

आणि सणांचं कॅलेंडर सगळ्यांचं एक नसतं हेही लक्षात असू द्या. आमच्या कंपनीच्या प्लॅनमध्ये दिवाळी, दसरा, राखी असायची, फार तर ईद. १४ एप्रिल नसायचाच. मराठवाड्यात, विदर्भात कापडवाल्याला विचारा, भीमजयंतीच्या आधीचा आठवडा म्हणजे काय असतो, घरातल्या सगळ्यांना नवे कपडे, पांढऱ्या साड्या, मिठाई, घराला रंग. गावातल्या दुकानदाराला हे माहीत, मुंबईत बसलेल्या प्लॅनरला नाही, कारण प्लॅन करणाऱ्यांच्या घरी तो सण नसायचा. वर्ग म्हणताना आपल्याकडे जात त्यातच मिसळलेली असते, लोक ते बोलत नाहीत इतकंच.

बरं, मग मार्केट रिसर्चवाले वर्ग ठरवतात कसा? तर पगार विचारतच नाहीत. कारण सोपं आहे, पगार कुणी खरा सांगत नाही, शेतकऱ्याला तर तो सांगताच येत नाही. २०११ ला जी पद्धत आली तिच्यात दोनच गोष्टी बघायचे, घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण, आणि अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत: वीज, पंखा, गॅस, टूव्हीलर, कलर टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, चारचाकी, एसी आणि शेतजमीन. त्यावरून ए-१ पासून ई-३ पर्यंत बारा खाने. पुढे टीव्ही-फ्रीज इतके घरोघर झाले की त्यातून फरकच कळेना, म्हणून नंतरच्या पद्धतीत वस्तू काढून कामधंदा आणि शिक्षण धरलं, आणि त्यात घरातल्या सगळ्यात जास्त शिकलेल्या बाईचं शिक्षण वेगळं मोजतात. मला हे फार पटलं. नवरा दहावी आणि बायको बीएस्सी असलेलं घर, आणि नवरा बीएस्सी बायको दहावी असलेलं घर, दोन्हीची किराणा यादी एक नसते. पहिल्या घरात पाकिटाची मागची बाजू वाचली जाते.

आता तुमच्या तेलाकडे येतो. लाकडी घाण्याचं तेल ही वस्तू वर्गाच्या बाबतीत उलटी फिरलेली आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी गावातला माणूस घाण्याचंच तेल खायचा, दुसरं होतंच काय. मग रिफाइंड आलं, ते शहरातल्या सुखवस्तू घरात आधी, पांढरं स्वच्छ, वास नाही, म्हणजे भारी. मग पाम आणि सोयाबीन आलं, आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, आणि ते पिशवीतलं तेल गावोगाव, वाडीवस्तीवर पोचलं. आणि आता ज्यांनी रिफाइंड आधी घेतलं त्यांचीच नातवंडं दुप्पट पैसे मोजून घाण्याचं तेल शोधतायत. भाकरीचं अगदी हेच झालंय. आमच्या सोलापुरात ज्वारीची भाकरी हे रोजचं, गरिबाचं अन्न, पोळी सणाला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो झाला, २०२३ पासून तर फुकट, तेव्हा गरिबाच्या घरी रोज पोळी आणि मालदांडी ज्वारी पुण्याच्या मॉलमध्ये पॅकिंग करून. माझी मावशी ती किंमत वाचून दोन मिनिटं गप्प उभी होती.

त्यामुळे हे तेल जो परत घेतोय तो नुसता पैसेवाला नाही. ज्याला दोन पिढ्यांपूर्वीची चव आठवते, किंवा ज्याच्या घरात कुणाचा तरी रिपोर्ट आलाय. हा रिपोर्ट फार मोठी गोष्ट आहे, वयाच्या रकान्यापेक्षा मोठी. माणूस चाळीस-पंचेचाळीसचा होतो, कोलेस्टेरॉल निघतं, डॉक्टर तेल कमी करा म्हणतात, आणि घरी येईपर्यंत त्याचं "तेल बदला" झालेलं असतं. (घाण्याच्या तेलाने हृदयरोग बरा होतो असलं काही बाटलीवर लिहू नका, तेल ते तेलच, आणि अन्न खात्याची नोटीस येईल ती वेगळी.) त्या मार्केटिंगवाल्या मुलाने काढलेल्या २५ ते ४५ मधला पंचवीस ते तेहतीस हा भाग मला विचाराल तर पूर्ण वाया आहे. तो पोरगा-पोरगी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, आठवड्यातून चार वेळा ॲपवरून जेवण मागवतात, तेलाची बाटली तीन महिने पुरते. पगार ऐंशी हजार असेल, पण तळण कोण करतंय?

याउलट कोथरूड, सिंहगड रोड, चिंचवडकडची रिटायर जोडपी बघा. मुलं अमेरिकेत नाहीतर बेंगळुरूला, पेन्शन आहे, घर स्वतःचं, सकाळी फिरायला जातात, आणि फिरताना तास-तास काय खावं काय खाऊ नये यावरच बोलतात. तुमच्या यादीत पासष्ट वर्षांचा माणूस नव्हताच ना? पण त्यांना पाच लिटरचा कॅन दाखवाल तर घेणार नाहीत, दोघांना संपत नाही, खवट होतं, उचलवत नाही. अर्ध्या लिटरची काचेची बाटली, रिकामी परत द्या आणि वीस रुपये कमी द्या. महाराष्ट्रात आता बाईमागे सरासरी मुलं दोनाच्याही खाली गेलीत, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत १.७ होती, घरं लहान होत जाणार, माप लहान लागणार, हे लांबचं बोलतोय पण बाटलीचे साचे विकत घेताना डोक्यात ठेवा.

खाण्यावरचा खर्च हा पण आकडा बघण्यासारखा आहे. सरकारी पाहणीप्रमाणे १९९९-२००० ला गावाकडचं घर शंभरातले ५९ रुपये खाण्यावर घालवायचं, २०२२-२३ ला ४६. शहरात ४८ वरून ३९. एंगेल नावाच्या जर्मन माणसाने १८५७ लाच हे सांगून ठेवलंय, की मिळकत वाढली की त्यातला खाण्याचा वाटा घटतो. पण त्या खाण्याच्या वाट्यात सगळ्यात मोठा खर्च कशावर? तर चहापाणी, तयार आणि पाकीटबंद खाणं यावर, गावात पण आणि शहरात पण. म्हणजे पैसा आला की माणूस वेळ वाचवणारं खातो. तुम्हाला जास्त तेल विकायचंच नाहीये, त्याच दोन लिटरच्या जागी वेगळे दोन लिटर विकायचेत, आणि त्याला कारण द्यावं लागतं.

कारण द्यायचं म्हणजे काय हे ज्या जुन्या लोकांना ललिताजी आठवतात त्यांना पटकन कळेल. निरमा स्वस्तात सगळं मार्केट खात होतं तेव्हा सर्फने भाव न पाडता निळ्या किनारीच्या साडीतली ती बाई टीव्हीवर आणली, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी आणि तरी सर्फ घेणारी. मध्यमवर्गीय बाईला महाग घ्यायला अडचण नसते, घरी "इतकं महाग का आणलं" याला उत्तर नसलं की अडचण असते. आणि स्वस्त म्हणून काही मिरवायला लागलात तर तेही तिला नको. टाटांची नॅनो आठवा, २००८ ला दाखवली, लाखात गाडी, सगळ्यात स्वस्त गाडी म्हणून गाजली आणि त्यानेच बसली, रतन टाटा स्वतः नंतर म्हणाले की स्वस्त म्हणून ओळख झाली ही चूक होती. २०१८ ला उत्पादन बंद. स्कूटरवरून गाडीवर जाणारा माणूस शेजाऱ्याला दाखवायला गाडी घेतो, आपण सगळ्यात खालची घेतली हे दाखवायला नाही घेत.

तेल मात्र ओट्याखाली असतं, पाहुण्याला दिसत नाही. म्हणून त्यात मिरवण्याचा भाग कमी आणि समाधानाचा जास्त. तुमच्या हातात जे उत्तर आहे ते फार चांगलंय आणि तुम्ही जाहिरातीत ते लिहिलंच नव्हतं: साधारण अडीच किलो शेंगदाणे घातले की एक किलो तेल निघतं. शेंगदाण्याचा आजचा भाव पाटीवर लिहा, गुणिले अडीच करा, खाली तुमची किंमत. बास. शाळेत शिकवणाऱ्या, बँकेत काम केलेल्या बायका तो गुणाकार उभ्या-उभ्या करतात आणि मग म्हणतात, मग ते दीडशेवालं शेंगदाणा तेल कसं परवडतं हो त्यांना? हा प्रश्न त्यांनी विचारला की तुम्ही काही बोलू नका, बाटली पुढे सरकवा.

सोसायटीत रविवारी सकाळी टेबल लावायचं, दिवाळीच्या आधी तीन आठवडे आणि उन्हाळी लोणच्याच्या वेळी. वाटीत तेल ठेवायचं, वास घेऊ द्यायचा. मी एका सोसायटीत असा स्टॉल बघत उभा होतो, एक आजी वाटी नाकाशी धरून नुसत्या उभ्या, मग म्हणाल्या, आमच्या गावाला मुरलीच्या घाण्यावरचा वास, आणि पाच बाटल्या घेतल्या, एक स्वतःला, चार सुनेला आणि मैत्रिणींना. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या मावशी होत्या, त्यांनी पण वास घेतला, किंमत विचारली, आणि शंभर मिलीची बाटली आहे का विचारलं. डोक्याला लावायला आणि पोराच्या डब्यातल्या चटणीवर घालायला. नव्हती. लाडक्या बहिणीचे पंधराशे तिच्या स्वतःच्या खात्यात येतात, ते ती नवऱ्याला विचारून खर्च करत नाही, आणि ती पन्नास रुपये द्यायला तयार होती. स्टॉलवाल्याने तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

तर तुम्ही एक करा. जाहिराती आत्ता थांबवा. त्या अकरा बाटल्या ज्यांनी घेतल्या त्यांना फोन करा, वय आणि पगार विचारू नका, विचारा घरात स्वयंपाक कोण करतं, तेल कोण आणतं, आधी कुठलं वापरत होता आणि गावाकडचं कोण आहे का. माझी पैज, अकरातल्या सात-आठ घरांत एखादी सासू किंवा एखादा रिपोर्ट निघेल. आणि उरलेल्या मालाची तारीख कळवा, पारदर्शक बाटलीत भरलाय का आणि उन्हात ठेवलाय का तेही. मार्च लागायच्या आत संपवायला लागेल, नाहीतर खवट वासाच्या तेलाला पुण्यात परत कुणी उभं करणार नाही.